जुन्या जादूच्या गोष्टींचे नवे भाग: मुलांना कुठला द्यायचा आणि कुठला माळ्यावर टाकायचा

गेल्या चवथीला, म्हणजे आमच्या गोव्याकडच्या गणेश चतुर्थीला, मी एक घोळ घातला, तिथूनच सुरुवात करतो. दादाची थोरली दहा वर्षांची, धाकटा सात. दोघं वास्कोला इंग्लिश मीडियमला, पण चवथीचे पाच दिवस डिचोलीच्या घरी हे ठरलेलं. थोरलीने ऑझच्या जादूगाराचं पहिलं पुस्तक वाचलेलं, हिरव्या चेटकिणीचा सिनेमा बघितलेला, आणि "काका, त्या हिरव्या बाईचं पुस्तक पण आहे म्हणे" हे तिने मला फोनवर इतक्या वेळा ऐकवलं की मी ते ऑनलाइन मागवून टाकलं. कव्हर मस्त, मी खूश. वहिनी नेवऱ्या करत बसलेली, हात पिठाचे, तिने एका बोटाने मधलंच एक पान उघडलं, वाचलं, अजून एक वाचलं आणि मग हळूच विचारलं, "भावजी, हे तुम्ही आधी वाचलंत?" मी कुठे वाचलेलं! ते पुस्तक त्या दिवसापासून माळ्यावर तांब्याच्या भांड्यांच्या मागे आहे.

चूक पुस्तकाची नव्हतीच. 'विकेड' हे ग्रेगरी मॅग्वायरचं १९९५ चं पुस्तक, ते लिहिलंयच मोठ्यांसाठी. त्याच्यावरून २००३ मध्ये ब्रॉडवेवर संगीत नाटक आलं, त्याचा सिनेमा २०२४ मध्ये, आणि नाटक-सिनेमात येईपर्यंत गोष्ट बरीच सोज्वळ झाली. सिनेमा मुलांना चालला म्हणजे पुस्तकही चालेल असं मी धरून चाललो, आणि तिथेच फसलो. त्यानंतर जरा नीट बघायला लागलो आणि आता जे काही कळलंय ते सांगतो, कारण जुन्या जादूच्या मालिकांचे नवे भाग हल्ली खूप येतात आणि भेट द्यायला आपण कव्हरवरचं ओळखीचं नाव बघूनच उचलतो.

तर नवा भाग हातात आला की आधी पहिली चार-पाच पानं उलटा, जिथे बारीक अक्षरात सालं आणि हक्कांचं लिहिलेलं असतं ते पान बघा. तीन गोष्टी शोधायच्या. लिहिलं कुणी, परवानगी कुणाची, आणि मूळ पुस्तकानंतर किती वर्षांनी आलं. यातली तिसरी सगळ्यात कामाची, लोक नेमकी तीच बघत नाहीत.

मूळ लेखकानेच लिहिलंय म्हणजे बिनधास्त, असं वाटतं ना? उलट तिथेच जास्त सांभाळा. लेखक वीस-चाळीस वर्षांनी परत येतो तेव्हा तो म्हातारा झालेला असतो, त्याचे पहिले वाचकही पोराबाळांचे झालेले असतात, आणि तो बऱ्याचदा त्यांच्यासाठी लिहितो. उर्सुला ले ग्विनच्या 'अर्थसी' मालिकेची पहिली तीन पुस्तकं १९६८ ते १९७२ मधली, चौथं 'तेहानू' आलं १९९० ला, आणि त्यात एका भाजलेल्या, छळलेल्या मुलीची गोष्ट आहे. पुस्तक जबरदस्त आहे, पण दहा वर्षांच्या पोरीला नको. ॲलन गार्नरने १९६० आणि १९६३ ला मुलांसाठी दोन पुस्तकं लिहिली, तिसरं 'बोनलँड' २०१२ ला, एकोणपन्नास वर्षांनी, आणि ते सरळ मोठ्यांसाठीच. फिलिप पुलमनची लायरा १९९५ च्या 'नॉर्दर्न लाइट्स'मध्ये शाळकरी पोर, २०१७ च्या 'ला बेल सोवाज'मध्ये तान्हं बाळ कारण ती गोष्ट आधीची, आणि २०१९ च्या 'द सीक्रेट कॉमनवेल्थ'मध्ये वीस वर्षांची बाई. शेवटचा भाग 'द रोझ फील्ड' २०२५ ला आला. एकाच मालिकेचे म्हणून हे सगळे दुकानात एकाच फळीवर उभे असतात, आणि वय मात्र प्रत्येकाचं वेगळं. माझा साधा नियम असा की हिरोईनचं वय बघायचं, वाचणाऱ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल तर ठीक, दहा वर्षांनी मोठी असेल तर आधी आपण वाचायचं.

दुसरा प्रकार, लेखक गेलेला आणि हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांनी कुणाला तरी निवडून लिहायला सांगितलेलं. यातलं सगळ्यात भारी उदाहरण पीटर पॅन. जे. एम. बॅरीने १९२९ मध्ये पीटर पॅनचे हक्क लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलला देऊन टाकले, म्हणजे पोरं उडतात एका गोष्टीत आणि त्याच्या पैशाने औषधपाणी होतं दुसऱ्या पोरांचं. त्या हॉस्पिटलने पुढचा भाग लिहायला स्पर्धा ठेवली, ती जेराल्डिन मॅकॉक्रन जिंकली आणि २००६ ला 'पीटर पॅन इन स्कार्लेट' आलं. गोष्ट १९२६ मध्ये घडते. नेव्हरलँड, म्हणजे पीटर पॅनचं जादूचं बेट, तिथली हरवलेली पोरं आता टोपी घालून ऑफिसला जाणारे बापे झालेत आणि त्यांना रात्री नेव्हरलँडची भयंकर स्वप्नं पडतात. परत जायचं तर परत लहान व्हायला पाहिजे, त्याला उपाय काय, तर आपापल्या मुलांचे कपडे अंगावर चढवायचे! हे वाचून दाखवलं तेव्हा धाकटा लगेच दादाचा शर्ट घालून आला, म्हणजे त्याला उलटं कळलं, पण कळलं.

तिसरा प्रकार कॉपीराइट संपलेल्यांचा, तिथे कुणीही काहीही लिहू शकतो, सोनं पण तिथेच आणि कचरा पण तिथेच. 'विनी द पू' या अस्वलाचंच घ्या. १९२६ आणि १९२८ ची मिल्नची पुस्तकं, २००९ ला डेव्हिड बेनेडिक्टसने परवानगी घेऊन 'रिटर्न टू द हंड्रेड एकर वुड' लिहिलं, गोड आहे, लॉटी नावाचं एक पाणमांजर नवीन आणलंय. पण २०२२ मध्ये पहिल्या पुस्तकाचा अमेरिकेतला कॉपीराइट संपला आणि २०२३ ला पूच्या नावाने चक्क रक्तपाताचा हॉरर सिनेमा आला. पोराच्या हातात मोबाईल देऊन "बघ पूचं नवीन काय आहे" म्हणू नका, एवढंच सांगतो.

आता हे पुढचे भाग म्हणजे फक्त पैसे काढायचे धंदे असं म्हणणारे आमच्या घरात पण आहेत, बाबा त्यातले पहिले. त्यांना मी चांदोबा आठवून दिला. वेताळाच्या गोष्टी मुळात पंचवीस, नावातच पंचविशी आहे, आणि चांदोबात राजा विक्रम वर्षानुवर्षं दर महिन्याला झाडावरचं प्रेत खांद्यावर घेऊन चालतोच आहे, ते काय जुन्या पोथीतलं होतं का सगळं? लिहिणारे नवीन गोष्ट रचायचे, सुरुवात आणि शेवट तेवढा ठरलेला. कुणाला कधी खटकलं नाही. (थोरलीने तेवढ्यात विचारलं की आमोण्याचा बेताळ आणि हा वेताळ एकच काय. आई म्हणाली, देवाला असं विचारू नये. मी गप्प बसलो.) तिकडे ऑझचं पण असंच झालं, मूळ लेखक बॉमची चौदा पुस्तकं, तो गेला १९१९ ला, चौदावं आलं १९२० ला, आणि १९२१ पासून रूथ प्लमली थॉम्प्सनने पुढे एकोणीस लिहिली, म्हणजे मूळ लेखकापेक्षा पाच जास्त! आणखी काही जणांची धरून एकूण चाळीस होतात. मुलांना बॉमचीच द्या, पहिली तीन-चार पुरतात, नंतर त्यांची ती शोधतील.

मग चांगला पुढचा भाग ओळखायचा कसा? माझ्या मते एकच कसोटी. मधली वर्षं त्याने मोजलीत का. फक्त जुनं सामान परत मांडून ठेवलंय, तेच झाड, तीच परी, तेच विनोद, का मधे जग बदललं त्याचा हिशेब घेतलाय? हे नुसतं बोलून कळणार नाही म्हणून एक जोडी सांगतो, आम्ही चवथीत केलेली, आणि सुरुवात करायची असेल तर यांच्यापासूनच करा असं माझं मत आहे.

मूळ पुस्तक ई. नेस्बिटचं 'फाइव्ह चिल्ड्रन अँड इट', १९०२ चं. केंटमधल्या एका घराशेजारी खडीची खाण, तिथे चार भावंडं आणि त्यांचं एक तान्हं, खणता खणता त्यांना वाळूत एक विचित्र प्राणी सापडतो. सॅमिअड म्हणतात त्याला, गोगलगायीसारखे शिंगांवर डोळे, अंगावर केस, स्वभावाने महाखडूस. तो रोज एक वर देतो आणि दिवस मावळला की वर खलास. कॉपीराइट कधीच संपलाय, नेटवर फुकट आणि कायदेशीर मिळतं. मी ते इंग्लिशमधून बघत बघत मराठीत सांगत गेलो, आणि इथे एक टीप, विश म्हणजे 'इच्छा' करू नका, 'वर' करा. इच्छा म्हटलं की पोरं जांभया देतात, "माग काय वर मागायचा तो" म्हटलं की सरळ बसतात कारण ते त्यांनी आजीकडून ऐकलेलं असतं. एका प्रकरणात ही मुलं भरपूर पैसे मागतात आणि अख्खी खाण सोन्याच्या नाण्यांनी भरते, पण नाणी जुन्या काळातली, त्यामुळे गावात एक दुकानदार घेत नाही, उपाशी फिरतात खिशात सोनं घेऊन. तर धाकटा उठला, आतल्या खोलीत गेला आणि आजीचा बिस्किटाचा जुना डबा घेऊन आला. त्यात पोर्तुगीज काळातली नाणी आहेत, मी पण लहानपणी त्यांच्याशी खेळलोय. "काका, ही गाड्यावर दिली तर तो रोस ऑम्लेट देईल?" म्हटलं, नाही रे. म्हणाला, "म्हणजे आजीच्या डब्यात पण सॅमिअड आहे." त्याच्यानंतर मला काही समजवावं लागलं नाही.

ही झाली मूळ गोष्ट, आता याचे पुढचे भाग दोन, दोन्ही आपल्या काळातले, आणि लिहिणाऱ्या दोघींनी अगदी वेगळ्या वाटा धरल्यात. जॅकलिन विल्सनचं 'फोर चिल्ड्रन अँड इट' २०१२ चं. तिने सॅमिअडला आजच्या मुलांना भेटवलं, आईबापांची दुसरी लग्नं झालेली, सावत्र भावंडांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, आणि त्यातल्या एका मुलीने नेस्बिटचं पुस्तक आधीच वाचलेलं आहे, त्यामुळे वाळूत काय सापडलंय हे तिला लगेच कळतं. सोपं, पळतं पुस्तक, आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एकट्याने वाचता येईल.

केट सॉन्डर्सचं 'फाइव्ह चिल्ड्रन ऑन द वेस्टर्न फ्रंट' मात्र वेगळंच प्रकरण आहे. २०१४ चं, ब्रिटनमधला त्या वर्षीचा कॉस्टा बालसाहित्य पुरस्कार त्याला मिळाला. तिने काय केलं, तर साधा हिशेब मांडला. नेस्बिटने १९०२ ला जी मुलं खेळताना दाखवली ती १९१४ ला किती वर्षांची असतील? म्हणजे थोरला सिरिल बरोब्बर पहिल्या महायुद्धात जायच्या वयाचा. तान्हं बाळ आता अकरा वर्षांचं, त्याच्या मागे अजून एक बहीण झालेली, आणि त्या दोघांना सॅमिअड परत सापडतो, पण त्याची जादू आटलेली. नेस्बिटला लिहिताना हे माहीत असणं शक्यच नव्हतं आणि आपल्याला मात्र माहीत आहे, याच्यावरच अख्खं पुस्तक उभं आहे. विनोदी आहे बरं का, पण युद्ध आहे, सगळे परत येत नाहीत, हे आधीच सांगतो म्हणजे मला कुणी शिव्या देणार नाही. दहाच्या खाली नको, आणि दहाला पण एकटं वाचायला नको, कुणीतरी शेजारी पाहिजे.

आम्ही ते वाचत होतो तेव्हा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लाईट गेली, पाऊस धो धो, गणपतीवर टांगलेल्या माटोळीची फळं वाऱ्याने हलतायत आणि समईच्या उजेडात पान दिसत नाही म्हणून मी मोबाईलचा टॉर्च लावून वाचतोय. थोरलीने वही घेतली आणि सगळ्यांची वयं लिहायला लागली, कोण किती सालात किती वर्षांचा. लिहिता लिहिता थांबली आणि आईला विचारलं, "आजी, एकसष्ट साली, पोर्तुगीज गेले तेव्हा, तू किती वर्षांची होतीस?" आई म्हणाली, आठ. "मग ती नाणी तेव्हा चालायची?" चालायची ना, आई म्हणाली, आणि मग डब्यातल्या एकेका नाण्याला काय यायचं ते सांगत बसली, तिखटाची पुडी, गोळ्या, पाव. पुस्तक त्या रात्री पुढे गेलंच नाही. माझी काही तक्रार नाही.

तर ही जोडी करायची असेल तर आधी नेस्बिटची निदान पहिली पाच प्रकरणं, मग मधे चार दिवस जाऊ द्या, आणि मग सॉन्डर्स. लगेच लागोपाठ नको, मुलांना पहिल्या पोरांची आठवण जरा जुनी व्हायला पाहिजे.

ज्यांच्या घरी एनिड ब्लायटनशिवाय पान हलत नाही त्यांच्यासाठी तिच्या जादूच्या झाडाची मालिका, 'फारअवे ट्री'. मूळ तीन कादंबऱ्या १९३९, १९४३ आणि १९४६ च्या, आणि नवा भाग परत जॅकलिन विल्सनचाच, २०२२ चा. त्यात नवीन तीन मुलं, मिलो, मिया आणि बर्डी, झाडावर चढतात, झाडावर राहणारे जुने मूनफेस, सिल्की, सॉसपॅनवाला सगळे तिथेच. इथे एक गंमत होते ती आधी माहीत असू द्या. मूळ पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांमध्ये मुलांची नावं बदललीत, बेसीची बेथ झाली, फॅनीची फ्रॅनी, डिकचा रिक, आणि पोरांना छड्या मारणाऱ्या डेम स्लॅपची डेम स्नॅप, ती आता नुसती ओरडते. माझी जुनी फाटकी कॉपी आणि थोरलीची नवी कॉपी घेऊन आम्ही एकत्र वाचायला बसलो तर दर दोन ओळींनी भांडण, "काका तू चुकीचं वाचतोयस." त्यामुळे दोघांकडे एकच आवृत्ती ठेवा. मोजलेली वर्षंबिर्षं यात काही नाही, जुनंच सामान परत मांडलंय, पण सात वर्षांच्या मुलाला तेच पाहिजे असतं, धाकट्याने दोनदा वाचून घेतलं. माझी कसोटी त्याच्यावर चालवू नका.

हॅरी पॉटरवाले विचारतीलच म्हणून. 'कर्स्ड चाइल्ड' २०१६ चं, ते नाटक आहे, लिहिलंय जॅक थॉर्नने, कादंबरी समजून उघडलं की मुलं हिरमुसतात. आपल्या मुलांना देवळाच्या उत्सवातल्या नाटकाची सवय आहे, मग नाटकासारखंच वाचा की! पात्रं वाटून घ्या, काकीला मॅकगोनागल द्या, एक प्रवेश झाला की चहा. आमच्याकडे रॉन झालेल्या दादाने जत्रेतल्या दशावतारासारखी पदरची वाक्यं घालायला सुरुवात केली आणि पुस्तकातल्यापेक्षा तीच बरी होती.

नार्नियाचं मात्र वेगळं. सी. एस. लुईसची सात पुस्तकं, १९५० ते १९५६. नव्या सेटवर नंबर घातलेले असतात त्यात एक नंबर 'द मॅजिशियन्स नेफ्यू'ला, कारण गोष्टीतल्या काळाप्रमाणे ते पहिलं, पण छापून आलं ते सहावं. नंबर बघू नका, कपाटातून सिंहाकडे जाणारं १९५० चं पुस्तकच पहिलं द्या, नाहीतर कपाट कुठून आलं ते आधीच कळतं आणि मजा जाते. मूळ नंतरचा अधिकृत नवा भाग शोधत बसू नका. फ्रान्सिस स्पफर्ड नावाच्या इंग्लिश लेखकाने आपल्या मुलीसाठी एक लिहिला, त्याच्या फक्त ७५ प्रती छापून २०१९ मध्ये ओळखीच्यांना वाटल्या, कारण परवानगीशिवाय विकता येत नाही.

मिळवायचं कुठे? विकत घ्यायच्या आधी पणजीला पाटोवर जा, कृष्णदास शामा ग्रंथालयात, १८३२ पासूनची संस्था आहे, मुलांचा वेगळा विभाग आहे, मुलांना घेऊन जा आणि तासभर सोडा. ते काय उचलतात, काय पाच मिनिटांत परत ठेवतात, ते बघून मग पैसे घाला. मूळ पुस्तक ग्रंथालयातून आणि नवा भाग विकत असं आमचं चालतं, कारण जुनी पुस्तकं सहज मिळतात, नवी तिथे असतीलच असं नाही. बॉम, नेस्बिट नेटवरून फुकट, फक्त प्रिंट काढताना चित्रांसकट असलेली फाईल बघा, सॅमिअडचं चित्र नसेल तर धाकटे ऐकणार नाहीत.

आणि एक, पाच दिवसांत अख्खं पुस्तक संपवायचं म्हणून मागे लागू नका. आरती, पाहुणे, फुगड्या, घुमट वाजवणं, यात रात्रीचं एक प्रकरण झालं तरी पुष्कळ. राहिलेलं फोनवरून वाचता येतं, आम्ही दर रविवारी करतो, नेटवर्क असलं तर.

नार्नियाला पुढचा भाग नाही म्हटल्यावर थोरली खवळली आणि आपणच लिहू म्हणाली. मी बघितलं, आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षं कॉपीराइट, लुईस गेला १९६३ ला, म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून भारतात त्याची पुस्तकं मोकळी. इंग्लंडमध्ये अजून २०३४ पर्यंत थांबायचंय, म्हणून नेटवर टाकू नकोस, वहीतच लिही, असं सांगून ठेवलंय. तिचं कपाट आजीच्या खोलीतलं आहे, शिसवी, आतून डांबराच्या गोळ्यांचा वास येणारं. अकरा पानं झालीत आणि सिंह अजून आलेला नाही.